सशाच्या माथी

१

"इंजेक्शन देऊन टाका," शशिधरने वेताची टोपली तपासणीच्या टेबलावर आदळली. "हिने माझ्या बापाचा जीव घेतलाय."

डॉ. वनजाक्षींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. टोपलीत पांढरी, लोण्याच्या गोळ्यासारखी सशाची मादी अंग चोरून बसली होती. बेण्णे, कानडीत लोणी. चन्नबसप्पा मास्तर दर दोन महिन्यांनी तिची नखं कापायला याच टेबलावर घेऊन यायचे. धाप लागायची, तरी स्वतः यायचे. अलीकडे वर्षभर फुप्फुसांनी असहकार पुकारला आणि त्यांचं येणं थांबलं. चार दिवसांपूर्वी ते गेल्याचं वनजाक्षींना कळलं होतं. माती द्यायला त्या गेल्याही होत्या.

"टोपली आदळू नका. आत जीव आहे," त्या म्हणाल्या. "आणि मास्तर आजारानं गेले असं तुम्हीच सांगत होतात की."

"मातीला आलेल्या लोकांना काय सांगणार? सशाने मारलं म्हणून? हसतील लोक." शशिधरच्या उजव्या हाताला जाड पट्टी होती. "अप्पांच्या ऑक्सिजनच्या मशीनची वायर हिने कुरतडली. त्या कामवाल्या साकम्मानं पिंजऱ्याची कडी उघडी टाकली आणि निघून गेली. मी सव्वातीनला खाली आलो तर मशीन बंद, वायरचे दोन तुकडे, ही शेजारी बसलेली, आणि अप्पा..." तो थांबला. "हिला उचलायला गेलो तर मलाच कडकडून चावली."

"तिथंच? मास्तरांच्या खोलीत?"

"तिथंच. पलंगाजवळ."

"वायरमध्ये करंट होता ना? नाही, आजकाल दुपारची लाइट जाते म्हणून विचारलं."

"होता की. पंखा फिरत होता डोक्यावर."

"मेन बोर्डातलं बटण पडलं होतं का?"

"नाही. का?"

"काही नाही. हिला ठेवून जा. मला आज वेळ नाही."

"डॉक्टर, माझी मुलगी चार दिवस जेवलेली नाही. हे जनावर पुन्हा घरात नको."

तो गेल्यावर वनजाक्षींनी दार लावून घेतलं. सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हैसूरच्या निम्म्या कुत्र्यांना आणि सगळ्या कुत्रेवाल्यांना त्यांच्या जिभेची दहशत होती. पण जनावराला हात लावताना त्यांची बोटं वेगळ्याच बाईची वाटायची. त्यांनी बेण्णेला टॉवेलात गुंडाळलं, मानेखाली आधार दिला आणि ओठ हलकेच मागे सारले.

मग दिवा जवळ ओढून पुन्हा पाहिलं.

हिरड्या गुलाबी. जिभेला डाग नाही. ओठाच्या कडेला फोड नाही. मिशांचा एकेक केस शाबूत. वायरींना तोंड लावलेले ससे त्यांनी आजवर डझनाने पाहिले होते. एखादा नशीबवान सुटतो, पण जाड, तीनपदरी, करंट असलेली वायर आरपार तोडायची म्हणजे ठिणगी उडणार, मिशा होरपळणार, जीभ पांढरी पडणार, बटण खटकन पडणार.

इथे साधा चटकासुद्धा नव्हता. माणूस तिला मारून टाकायला घेऊन आला होता, आणि कशासाठी, तर तिने न केलेल्या गोष्टीसाठी. वनजाक्षींनी बेण्णेला पिंजऱ्यात ठेवलं आणि रिक्षा बोलावली.

२

साकम्माचं घर रेल्वे फाटकापलीकडच्या गल्लीत होतं. ती उंबऱ्यात बसून नाचणी निवडत होती. वनजाक्षींना पाहून उठली नाही.

"तुम्ही पण बघायला आलात? या. मास्तरांना मारणारी बाई. बघून घ्या."

"साकम्मा, मी सशाची डॉक्टर."

"मग सशाला विचारा. मला काय विचारता?" तिने सूप बाजूला आपटलं. "नऊ वर्षं, अम्मा. मास्तरांचं पथ्याचं मी केलं, त्यांचे पाय मी चेपले. आणि शशिधर सारांनी मला रस्त्यावर उभं करून सांगितलं, तुझ्यामुळे माझा बाप मेला. दोन्ही बाजूंच्या गच्चीवर माणसं उभी होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरानं काम सोडायला लावलं, तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडच्यानं. आमच्या या नळावरच्या बायका माझ्याशी बोलत नाहीत."

"कडी तू लावली होतीस?"

"दीड वाजता लावली. जोर लावून लावली, कारण त्या दिवशी ती बेण्णे भूत लागल्यासारखी करत होती. छातीचे केस उपटून, गवत तोंडात धरून कोपऱ्यात गादी घालत होती. हात नेला की गुरगुरायची. सशाला गुरगुरताना ऐकलंय कधी?"

"ऐकलंय. मग?"

"मग काय? मी शेजारच्या घरी गेले. चटणीचं खोबरं मिक्सरला लावलं आणि लाइट गेली. दोनच्या सुमाराला. झाडं तोडायची होती ना तारांवरची, पेपरात आलं होतं. सव्वातीनला आली. मी पाट्यावर वाटली चटणी, हे बघा, खांदा अजून दुखतो."

वनजाक्षी दारातच खाली बसल्या. "लाइट गेली होती? मास्तरांच्या घराचीसुद्धा?"

"सगळ्या रस्त्याची. पण त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, मास्तरांच्या मशीनसाठीच घेतलेला."

"बरं. दुसऱ्या दिवशी पिंजरा कोणी साफ केला?"

"मीच. मला हाकलायच्या आधी. आत सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, तिच्या त्या केसांच्या गादीवर रक्त सांडलेलं होतं. मला वाटलं ससाच जखमी झाला. उचलून बघितलं, तर कुठे ओरखडा नाही."

"आणि मास्तरांच्या खोलीत? पलंगाजवळ?"

"तिथली फरशी मी पुसली. एक थेंब नव्हता, अम्मा. मास्तरांची शपथ."

वनजाक्षी उठल्या. साकम्मा मागून ओरडली, "त्यांना सांगा, मी कडी लावली होती!"

रिक्षात बसल्यावर त्यांना एकच प्रश्न छळत राहिला. लाइट गेली होती. इन्व्हर्टर होता. मग मशीन बंद कशानं पडलं? आणि शशिधर पंखा फिरत होता म्हणून का सांगत होता?

३

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दार सुमंगलाने, शशिधरच्या बायकोने उघडलं. ती कॉलेजात शिकवायची. घडलं त्या दुपारी ती परीक्षेच्या कामावर होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"ते वर मीटिंगमध्ये आहेत. परदेशातले लोक असतात, रविवारीसुद्धा सोडत नाहीत. बेण्णेला दिलंत का... ते?"

"नाही. मला मास्तरांची खोली बघायची आहे."

मास्तरांच्या पलंगाखाली, भिंतीला पाठ लावून एक मुलगी बसली होती. इंचरा. दहा वर्षांची. शेजारी ताटलीत उप्पीट होतं, वरून वाळलेलं.

वनजाक्षी गुडघे धरत खाली बसल्या. त्यांचं वजन आणि त्यांचे गुडघे पाहता हे सोपं नव्हतं.

"बेण्णे माझ्याकडे आहे. कोथिंबीर खातेय."

मुलीने वर पाहिलं. "तुम्ही तिला मारणार ना? मारा. ती वाईट आहे. त्या दिवशी सकाळी ती मलाही चावली. मी तिला उचलून अज्जाला दाखवणार होते. ती चावली म्हणून मी रागाने पिंजऱ्याला लाथ मारली. कडी तेव्हाच सैल झाली असेल. माझे अप्पा म्हणाले, साकम्मानं नसेल उघडी टाकली तर तू टाकली असशील. म्हणजे मीच..."

 वनजाक्षींनी मनात मोजलं. बाई एक, ससा एक, आणि आता हे पोर. या घरात कोणाकोणाच्या डोक्यावर हे ओझं ठेवलंय?

"ऐक," त्या म्हणाल्या. आवाज त्यांनी मोठ्या मुश्किलीने खाली ठेवला. "ससा वाईट म्हणून चावत नाही. त्याला ओरडता येत नाही, हात नाहीत, शिंगं नाहीत. भीती वाटली, दुखलं, कोणी वरून झडप घातली, घरात हात घातला, तर 'नको' म्हणायला त्याच्याकडे दातच आहेत. त्या दिवशी बेण्णेला वाटत होतं की तिला पिल्लं होणार. खरी नव्हती, पण तिच्या अंगाला तसं वाटत होतं. म्हणून तिने छातीचे केस उपटून गादी केली. तू आत हात घातलास, तिने पिल्लांसाठी नको म्हटलं. तुझ्यावर राग नव्हता."

"पण ती वायर कुरतडते. अज्जाची काठी पण कुरतडली."

"काठी दाखव."

मुलगी पलंगाखालून बाहेर आली. दाराआडच्या काठीवर बोटभर अंतरात बारीक खाचा होत्या, जोडीजोडीने, जणू कोणी छोट्या पटाशीने कोरल्यात. "सशाचे दात मरेपर्यंत वाढतात," वनजाक्षी म्हणाल्या. "कुरतडलं नाही तर तोंडातच रुततील. आणि वायर म्हणशील, तर रानातला ससा बीळ खणतो, वाटेत मुळं आडवी येतात ती तोडतो. त्याला वायर म्हणजे मूळ. पण तो एका घावात तोडून गप्प बसत नाही. आधी चव घेतो, पाच ठिकाणी अशा जोडखाचा पाडतो, मग तोडतो. ती वायर कुठाय?"

वायर कपाटावर गुंडाळून ठेवली होती. वनजाक्षींनी ती खिडकीशी नेली. एकच घाव. बाकी सबंध वायरवर एकही खाच नाही. आणि कापलेल्या टोकाची एक कड दबून चपटी झाली होती. खिडकीबाहेर मास्तरांची गुलाबांची कुंडी होती, कुंडीत झाडं छाटायची वाकडी कात्री खोचलेली. दाताने कापलेलं चपटं होत नाही.

"सिद्दराजू आहे का?" त्यांनी सुमंगलाला विचारलं.

सिद्दराजू, मास्तरांच्या सेवेला ठेवलेला माणूस, मागच्या अंगणात आपल्या कपड्यांची पिशवी भरत होता. सरळ, थोराड, तिशीतला.

"मास्तरांना एकट्याला टाकून तू कुठे गेला होतास?"

त्याने पिशवी खाली टाकली. "मी टाकून गेलो नाही, मेडम! दीड वाजता सार म्हणाले, कुरिअरच्या ऑफिसातून माझी वस्तू घेऊन ये. मी म्हटलं, दोनला लाइट जाणार आहे, पेपरात आहे, आल्यावर जातो. त्यांनी सांगितलं, इन्व्हर्टर कशाला आहे मग, जा. ऑक्सिजनचा सिलिंडर मला लावता येतो, सारांनाही मी दाखवला होता. मी दोनदा विचारलं. दोनदा!"  "परत आलो तर रडारड. आता म्हणतात, तू असतास तर वाचले असते."

"इन्व्हर्टरला हात कोणी लावलेला?"

"दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिशियन आला होता. सारांच्या वरच्या खोलीचं काम होतं. मला काय केलं ते माहीत नाही."

 वनजाक्षी जिन्याखालच्या मेन बोर्डाशी गेल्या, झाकण उघडलं आणि मुख्य खटका खाली ओढला.

मास्तरांच्या खोलीतला पंखा मंदावत मंदावत थांबला. स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झाला. सगळं खालचं घर मुकं झालं.

आणि वरच्या मजल्यावरून, एक अक्षरही न तुटता, शशिधरचा मीटिंगमधला आवाज येत राहिला. त्याच्या डोक्यावरचा पंखा तसाच फिरत होता.

सुमंगला भिंतीला टेकली. तिने कळल्यासारखं वर पाहिलं आणि तोंडावर हात दाबला.

४

"खाली या," वनजाक्षींनी जिन्यातून आवाज दिला. असा आवाज त्या फक्त साखळी न लावता सोडलेल्या कुत्र्यांच्या मालकांना देत. शशिधर कानावरचा हेडफोन गळ्यात अडकवून खाली आला. बोर्डाचं उघडं झाकण पाहून एका पायरीवर त्याचा पाय अडला.

"डॉक्टर, हा काय प्रकार? मी कामात आहे."

"दोनच गोष्टी विचारते. सशाने वायर तोडली तेव्हा करंट होता?"

"सांगितलं ना, होता."

"मग तिचं तोंड जळायला हवं होतं. मी पाहिलंय. चट्टासुद्धा नाही. बोर्डातलं बटणही पडलं नाही, तुम्हीच म्हणालात."

"म्हणजे... नसेल करंट. लाइट गेली असेल तेव्हा. मी गोंधळलो होतो."

"लाइट गेली होती. बरोबर. दोनला गेली, सव्वातीनला आली. म्हणजे वायर तुटली तेव्हा करंट नव्हता." वनजाक्षी एक पाऊल पुढे आल्या. "मग वायर अखंड असती तरी मशीन बंदच होतं, शशिधर. करंट असेल तर सशाने वायर तोडलेली नाही. नसेल तर सशाने तोडली तरी त्यात मास्तर गेले नाहीत. कसंही धरा, ससा सुटतो. तुमचा इन्व्हर्टर तुमच्या खोलीला जोडलेला, मास्तरांची खोली काढून. मी आत्ता खटका ओढला, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशीही कळलं नाही."

"हे तुम्ही..."

"आणि चावली ती पलंगाजवळ नाही. पलंगाजवळ थेंब नाही. रक्त पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, तिच्या घरट्यावर पडलं. घरट्याला बसलेली मादी घर सोडून फिरायला जात नाही, मुळी बाहेर आलीच नव्हती ती. तुम्ही तिला ओढून काढलंत, तेव्हा ती चावली. कापलेल्या वायरशेजारी नेऊन ठेवायला काढलंत. वायर मास्तरांच्याच कात्रीने कापलीत, तिची कड सांगते."

  शशिधरने जिन्याचा कठडा धरला.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मशीन शिट्टी मारतं करंट गेल्यावर. मारलीच असणार. माझ्या कानावर हे होतं. वर सगळं चालू होतं, मला वाटलं लाइट गेलीच नाही. इन्व्हर्टरला दोन्हीचा भार झेपत नव्हता, मीटिंगा मध्येच तुटायच्या, म्हणून अप्पांची खोली काढायला लावली. मी म्हटलं, लाइट गेलीच कधी, तर सिद्दराजू असतोच, सिलिंडर लावेल. त्याला पाठवताना मला... मला आठवलंच नाही, सुमंगला. खाली आलो तर अप्पा दाराकडे तोंड करून... अर्धे पलंगावरून खाली. मला हाक मारायला निघाले असतील." त्याने डोळे मिटले. "धारवाडच्या ताईला काय सांगणार होतो मी? की मी वर पंख्याखाली बसलो होतो? कोणाचं काही वाईट होणार नव्हतं यात. ससाच तो."

"ससाच तो!" वनजाक्षींचा आवाज फुटला. "साकम्मा ससा आहे? आणि ही?"

तेव्हा सगळ्यांना दिसलं. इंचरा मास्तरांच्या खोलीच्या दारात उभी होती. किती वेळ, कोणालाच माहीत नव्हतं. हातात काठी होती.

"अप्पा," ती म्हणाली, "मी रात्री रडायचे ते तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

शशिधरचा हात गळ्यातल्या हेडफोनकडे गेला.

"तेव्हा कानावर काही नसायचं," मुलगी म्हणाली.

सुमंगला पुढे झाली. तिने मुलीला जवळ घेतलं आणि नवऱ्याकडे न पाहता, अगदी संथ, वर्गात सांगावं तसं सांगितलं. "मी ताईंना फोन लावते. त्या आल्या की आपण पोलिसांत जायचं, आणि जे आत्ता बोललात तेच तिथे बोलायचं. पण त्याआधी एक काम आहे. चपला घाला."

५

रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून ते उन्हात उभे राहिले. शशिधर, त्याच्या एक पाऊल मागे सुमंगला, तिचं बोट धरून इंचरा. वनजाक्षी यायला नको म्हणत होत्या. "तुमचं घरचं आहे," त्या म्हणाल्या होत्या. पण मुलीने त्यांचा पदर धरला.

संध्याकाळचं पाणी आलं होतं. नळावर बायकांची रांग होती, घागरी आणि प्लॅस्टिकचे बिंदगे. पांढरपेशे लोक गल्लीत शिरताना पाहून बोलणं थांबलं. साकम्मा रांगेत सर्वांत मागे होती. बाकीच्यांच्या आणि तिच्या मध्ये दोन हात जागा मोकळी होती.

शशिधर तिच्यासमोर थांबला. मान खाली घालून काहीतरी बोलला. पुढच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल.

साकम्माने घागर खाली ठेवली. पदराने हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि समाधानही नव्हतं. पाच दिवसांचा राग मात्र जसाच्या तसा होता.

"ऐकू आलं नाही, सार."

"साकम्मा, माझं चुकलं. कडी तू लावली होतीस."

"मोठ्यांदा," साकम्मा म्हणाली. "त्या दिवशी रस्त्यावर कसे ओरडला होतात? गच्चीवरच्यांनाही गेलं होतं ऐकू. तेवढ्याच मोठ्यांदा."

नळ वाहत होता. कोणीतरी तो बंद केला.

शशिधरने घसा साफ केला. पहिल्यांदा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा तो निघाला, आणि गल्लीच्या टोकाला सायकलचं पंक्चर काढत बसलेल्या म्हाताऱ्यानेही मान वर केली.

"साकम्माचा काही दोष नव्हता! माझे वडील माझ्यामुळे गेले!"

साकम्मा ऐकत उभी राहिली. शेवटचा शब्द हवेत विरेपर्यंत हलली नाही. मग तिने घागर कमरेवर घेतली, मधली दोन हात जागा ओलांडून पुढे सरकली आणि समोरच्या बाईला म्हणाली, "ऐकलंस ना? सरक. माझा नंबर तुझ्या आधी होता."

ती बाई सरकली.

"उद्या शेजारच्या दोन घरी चला," साकम्मा शशिधरकडे वळून न पाहता म्हणाली. "सकाळी आठला. तिथंही असंच सांगायचंय."